आधी गाइड, मग सीट

चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनातला एक सिलिंडर काम करेनासा झाला की गाडी ते लपवत नाही. आयडलला सगळं इंजिन थरथरतं, चढावर ओढ लागत नाही आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर फुंकर मधेच अडखळते. माझ्या इंजिनाचं हेच चाललं होतं. प्लग, कॉइल, इंजेक्टर यांची सिलिंडरांमध्ये अदलाबदल करून पाहिली, तरी दोष तिसऱ्या सिलिंडरलाच चिकटून राहिला. ठिणगी ठीक, इंधन ठीक. मग उरतो एकच संशय: तिथे हवा नीट दाबली जात नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट सोपी आहे, पण ती नीट केली नाही तर आकडे फसवतात. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले हवेत, इग्निशन आणि इंधन बंद हवं, बॅटरी भरलेली हवी, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. थ्रॉटल मिटलेला राहिला तर आत हवाच कमी जाते आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. माझे आकडे असे आले: १७५, १७०, ११५, १७२ पीएसआय. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं, त्यामुळे आकडा उडी मारून वर गेला असता तर दोष पिस्टन रिंगांचा. तो जागचा फारसा हलला नाही.

मग तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये ठेवून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. या चाचणीत कान हेच खरं उपकरण. थ्रॉटलमधून सूं ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप), ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा. माझ्याकडे आवाज सायलेन्सरमधून आला, तोही शेजारी बोलणं थांबवावं लागू नये इतका स्पष्ट. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, नीट बसत नव्हता.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, उतरवण्याआधी सगळ्या टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीतली मोकळी जागा) मोजून लिहून ठेवली, आणि हे मी प्रत्येकाला सांगेन. एकदा रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे दांडे, सुटले की तो पुरावा कायमचा जातो. बाकीच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हना ०.२५ मिमीच्या आसपास फट होती. तिसऱ्याला जेमतेम ०.१०. टॅपेट वाजत असेल तर लोक घाबरतात, गप्प असेल तर खूश होतात. व्हॉल्व्हच्या दृष्टीने उलटं आहे. वाजणारा टॅपेट निदान व्हॉल्व्हला पूर्ण मिटू देतो. फट संपत आली की गरम झाल्यावर दांडी लांबते, रॉकर तिला दाबून धरतो आणि व्हॉल्व्ह सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) टेकल्यासारखा दिसूनही टेकत नाही.

इथे उष्णतेचा हिशेब समजून घ्यावा लागतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. इनटेक व्हॉल्व्हला दर वेळी ताज्या हवेची आंघोळ मिळते. एक्झॉस्टवरून मात्र जळका वायूच जातो आणि भर लोडवर त्याचं डोकं ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापतं. ही उष्णता बाहेर जायला त्याच्याकडे दोनच वाटा: मोठा भाग मिटलेला असताना सीटमधून हेडच्या पाण्याकडे, आणि उरलेला दांडीतून गाइडकडे, म्हणजे दांडी ज्या नळीत सरकते तिच्याकडे. सीटशी गाठ सुटली की मोठी वाट बंद. त्यात फटीतून निसटणारा पेटता वायू कडेचा एकच बिंदू सतत भाजत राहतो. एकदा तिथे खाच पडली की पुढचं सगळं वेगाने बिघडतं.

हेड काढणं त्या मानाने नीरस काम. इंजिन पूर्ण थंड, कूलंट रिकामं, टायमिंगच्या खुणा जुळवून पहिला सिलिंडर वरच्या टोकाला, मग बेल्ट सैल. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, दोन-तीन टप्प्यांत थोडे थोडे सोडायचे. घट्ट करायचा क्रम मधून बाहेर असतो, सोडायचा त्याच्या उलट. अॅल्युमिनियमचं हेड एका बाजूने पूर्ण मोकळं आणि दुसऱ्या बाजूने ताणलेलं राहिलं तर काढतानाच वाकू शकतं.

व्हॉल्व्ह काढण्याआधी पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून प्रत्येकाखाली सिलिंडरचा क्रमांक आणि इनटेक की एक्झॉस्ट ते लिहिलं. व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग, वरची टोपी आणि ते दोन इवलेसे लॉक सगळे आपापल्या जागी गेले. प्रत्येक दांडी आपल्या गाइडमध्ये, प्रत्येक फेस (डोक्याची सीटवर टेकणारी कड) आपल्या सीटवर घासून तयार झालेला असतो. अदलाबदल केली तर मोजमापाला काही अर्थ उरत नाही.

तिसरा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात आल्यावर त्याचं निदान करायला चष्मा लागला नाही. कडेला एका ठिकाणी नखाएवढी खाच वितळून गेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना फेस करड्याऐवजी पांढुरका पडला होता. बाकीचे तीन एक्झॉस्ट कोरडे, फिक्या तपकिरी रंगाचे, म्हणजे ज्वलन ठीक. इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला मात्र ओलसर काळ्या कार्बनचा जाड थर होता. तो इंजिन ऑइलचा, दांडीवरचे ऑइल सील कडक होऊन गळत असल्याचा. सकाळी चालू करताना दिसणारा निळसर धूर त्यानेच समजला.

साफसफाईत मी हळू चालतो. अॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा लावायचा नाही, तो धातूच खातो. गॅस्केटच्या पृष्ठभागावर ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश किंवा खरखरीत डिस्क फिरवायची नाही: एकतर चिकटलेलं गॅस्केट निघता निघता पृष्ठभागाला खळगे पडतात, आणि डिस्कमधून झडलेले कण ऑइलच्या वाटांमध्ये शिरले तर पुढे बेअरिंग खाऊन टाकतात. प्लॅस्टिकचा स्क्रेपर, गॅस्केट रिमूव्हर, रॉकेल आणि सबुरी एवढ्यावर भागतं. कंबश्चन चेंबरमधला कार्बन व्हॉल्व्ह जागेवर असतानाच खरवडून घेतला होता, म्हणजे स्क्रेपर घसरला तरी सीटला ओरखडा नाही.

मग सपाटी. अचूक घासलेली स्टीलची सरळपट्टी हेडवर उभी धरायची आणि तिच्याखाली फिलर गेजची (ठरावीक जाडीची) पाती सरकवून पाहायची: लांबीच्या दोन्ही कडांना, रुंदीच्या दोन टोकांना आणि दोन्ही कर्णांवर. पुस्तिकेतली मर्यादा ०.०५ मिमी. माझ्या एका कर्णावर मध्यभागी ०.०८चं पातं जात होतं, तेही दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये. फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करणं, लागणार हे ठरलं. पण ओव्हरहेड कॅमच्या (रॉकर हलवणारा दंड वरच बसवलेल्या) हेडला खालचा पृष्ठभाग घासून सरळ केला म्हणजे हेड सरळ झालं असं नाही. ते केळ्यासारखं वाकलं असेल तर वरची कॅमची बेअरिंगंही त्याच वळणात असतात, आणि खालून घासल्याने ती सरळ होत नाहीत. म्हणून रॉकर न लावता नुसता कॅम बसवला, कॅप ठरल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळल्या आणि हाताने फिरवला. कुठेही न अडकता फिरला. अडकला असता तर पुढचा खर्च करायचा की दुसरं हेड शोधायचं, हा प्रश्न तिथेच उभा राहिला असता.

तडे शोधायला डोळे पुरत नाहीत. ते बहुधा दोन सीटच्या मधल्या अरुंद पट्टीत किंवा सीट आणि प्लगच्या भोकाच्या मध्ये पडतात. अॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही, त्यामुळे ओतीव लोखंडाच्या हेडवर चालणारी चुंबकीय भुकटीची पद्धत इथे बाद. लाल डाय फवारायचा, मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. माझ्या तिसऱ्या सिलिंडरपाशी काही उमटलं नाही. तरी फेसिंगला दिल्यावर प्रेशर टेस्टही करून घेतली. पाण्याच्या सगळ्या वाटा प्लेटांनी बंद करून आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. गरमच पाणी, कारण काही तडे थंड असताना मिटलेले असतात.

आता दांड्या आणि गाइड. खरं सांगायचं तर या कामाचा जीव इथेच आहे आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. दांडी मायक्रोमीटरने वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजायची, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. गाइडचं भोक छोट्या बोअर गेजने तसंच. इनटेकच्या फटी ०.०३ ते ०.०५ मिमी निघाल्या, मर्यादेच्या आत. एक्झॉस्टला जरा जास्त फट दिलेलीच असते, कारण त्याची दांडी जास्त तापून जास्त फुगते. पण तिसऱ्या एक्झॉस्टचं गाइड मध्ये ०.०६ आणि दोन्ही तोंडांशी ०.१३, तेही फक्त रॉकरच्या रेषेत. आडव्या दिशेने ०.०७. भोक गोल राहिलं नव्हतं. तोंडं कर्ण्यासारखी फाकली होती.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. रॉकर व्हॉल्व्हला नुसता खाली दाबत नाही. त्याचं टोक कमानीत फिरतं, म्हणून दांडीच्या माथ्यावर घासत घासत तिला बाजूलाही ढकलतं. तिसऱ्या एक्झॉस्टच्या रॉकरच्या टोकाला खोलगट खड्डा पडला होता, त्यामुळे ढकलणं जास्तच. गाइड त्या दिशेने झिजलं, व्हॉल्व्ह डुलत सीटवर येऊ लागला, दर वेळी आधी एका कडेवर आपटून मग घसरत बसू लागला. सीट त्या बाजूने दबत गेली, व्हॉल्व्ह वर सरकला, टॅपेटची फट घटली. मग जळला. गाइडपासून खाचेपर्यंत ही एकच साखळी आहे. (त्या खड्ड्यामुळे आणखी एक घोळ होतो: फिलर गेजचं पातं खड्ड्यावर पुलासारखं आडवं राहतं आणि खरी फट मोजलेल्या आकड्यापेक्षा जास्त असते.)

ही साखळी माहीत नसेल तर माणूस काय करतो, तर नवा व्हॉल्व्ह आणतो, ग्राइंडिंग पेस्ट लावतो आणि घासत बसतो. हाताने घासताना व्हॉल्व्ह मोकळा असतो, तो आपला मध्य आपण शोधतो, सुंदर करडं वर्तुळ उमटतं, वर ओतलेलं रॉकेलही गळत नाही. इंजिन सुरू झाल्यावर रॉकर त्याला पुन्हा बाजूला ढकलतो आणि ते वर्तुळ भलतीकडेच टेकतं. काही महिन्यांनी तोच सिलिंडर, तीच फुंकर.

मशीन शॉपमध्ये मी आधी सीटबद्दल विचारलं तर तिथल्या जुन्या कारागिरांनी हेड उलटंही केलं नाही. गाइडमध्ये पायलट (कटरला मध्यावर धरणारी दांडी) घालून हलवून पाहिला आणि म्हणाले, "सीटचं नंतर बोला. माझा कटर या भोकाच्या भरवशावर फिरतो. भोकच डुलत असेल तर मी कापलेली सीट कुणाच्या मध्याला धरून असेल?" मी माझा मोजमापाचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, तरी स्वतः पुन्हा मोजलं, आणि ते मला आवडलं.

चारही एक्झॉस्ट गाइड बदलायचं ठरलं. हेड भट्टीत सगळीकडून सारखं तापवलं, जुनी गाइडं टप्प्याच्या पंचने बाहेर ठोकली, नवी गाइडं थंड करून बसवली. तापलेलं अॅल्युमिनियम फुगतं, थंड गाइड आक्रसतं, त्यामुळे भोक न ओरबाडता ते आत जातं. हेड निवल्यावर रीमरने गाइडचं भोक दांडीच्या मापाला आणलं. नवं गाइड कितीही काळजीने बसवलं तरी त्याचा अक्ष जुन्याच्या तंतोतंत जागी येत नाही. म्हणून गाइड बदललं की सीट कापावीच लागते, ती वरून चांगली दिसत असली तरी.

सीट तीन कोनांत कापतात. मधला ४५ अंशांचा पट्टा, ज्यावर व्हॉल्व्ह बसतो. वर ३० अंश, खाली पोर्टच्या बाजूला ६० अंश. बाजूच्या दोन कटांचं काम मधला पट्टा हवा तितका रुंद आणि हव्या त्या जागी ठेवणं. वरचा कट बाहेरून खातो आणि पट्ट्याला आत सरकवतो, खालचा आतून खातो आणि बाहेर सरकवतो. एक्झॉस्टला पट्टा दीड मिमीच्या पुढे ठेवला, इनटेकला एक मिमीच्या जरा वर. रुंद पट्ट्यातून उष्णता चांगली जाते, पण दाब पसरतो आणि मधे अडकलेला कार्बनचा कण चिरडला जात नाही. अरुंद पट्टा घट्ट मिटतो, पण तापतो. एक्झॉस्टला उष्णतेची चिंता जास्त, म्हणून तिथे थोडी रुंदी परवडते.

फेसिंगमध्ये ०.१० मिमी धातू गेला. ७५ मिमी बोअरच्या सिलिंडरला हे अर्धा घन सेंटिमीटरही होत नाही, आणि साडेनऊचा कॉम्प्रेशन रेशो फार तर ९.६ होतो. तेवढं इंजिनाला कळत नाही. पण हेच हेड आधी दोनदा घासलेलं असतं तर गोष्ट वेगळी. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर घटतं आणि कॅम क्रँकच्या जवळ येऊन टायमिंग किंचित मागे पडतं. आधी किती गेलंय हे हेडची जाडी मोजल्याशिवाय समजत नाही, म्हणून कितीही घाई असली तरी जाडी मोजायची.

घरी आल्यावर निळ्याची परीक्षा. प्रशियन ब्लूचा पातळ थर फेसवर, व्हॉल्व्ह आत टाकायचा, हलकं दाबायचं, न फिरवता उचलायचा. सीटवर निळं वर्तुळ अखंड उमटलं पाहिजे आणि फेसच्या साधारण मध्यावर. सात व्हॉल्व्ह पहिल्याच खेपेला उत्तीर्ण. चौथ्या इनटेकला वर्तुळ तुटत होतं. व्हॉल्व्ह व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवला तर दांडी सरळ, डोकंच जरासं तिरकं. तो बदलला. जुने ठेवलेले व्हॉल्व्ह फेस घासून घेतले होते, आणि त्यांच्या कडेची जाडीही तपासली होती. ती फार पातळ झाली तर कड लालभडक होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू लागते.

एवढं झाल्यावर पेस्ट. बारीक दाण्याची, थोडीशी, दांडीला न लागता. काठी दोन तळहातांत मागेपुढे, मधूनमधून उचलून पाव फेरी पुढे. खरखर मऊ झाली की थांबायचं. इथे हौस नडते: जास्त घासलं तर फेसवर खोबण पडते, आणि गरम होऊन व्हॉल्व्ह फुगला की ती खोबण सीटशी जुळतच नाही. आणि नायट्रायडिंग किंवा तत्सम कोटिंग केलेल्या व्हॉल्व्हना तर पेस्ट लावायचीच नाही. पेस्टचा कणही मागे राहता कामा नये, म्हणून साबणाच्या गरम पाण्याने धुतलं, हवेने वाळवलं आणि लगेच ऑइल लावलं.

स्प्रिंगांची लांबी आणि काटकोन पाहिला, दोन मर्यादेखाली होत्या, सगळ्याच बदलल्या. सीट कापल्यावर व्हॉल्व्ह वर येतो, स्प्रिंगला जागा जास्त मिळते आणि तिचा दाब कमी होतो. बसवलेली उंची मोजून एक्झॉस्टच्या स्प्रिंगांखाली पातळ शिम (चकत्या) घातले. ज्या टोकाला वेटोळी दाट ती बाजू हेडकडे. नवे ऑइल सील दांडीच्या खाचांवर प्लॅस्टिकची टोपी घालून सरकवले, नाहीतर त्या खाचांच्या धारेने सीलचा ओठ बसवतानाच कापला जातो. लॉक बसल्यावर प्रत्येक दांडीच्या माथ्यावर प्लॅस्टिकच्या हातोडीने टकटक केली. नीट न बसलेला लॉक इथे उडाला तर परवडतो.

ब्लॉकच्या बोल्टच्या भोकांतलं ऑइल आणि पाणी हवेने काढणं मी दोनदा करतो. बंद तळाच्या भोकात द्रव राहिला आणि वरून बोल्ट आला तर द्रव दबत नाही, ब्लॉकच फुटतो. गॅस्केट कोरडंच, वरची बाजू वर. बोल्ट नवे, कारण ते ताणून आवळायच्या प्रकारातले. दोन टप्पे टॉर्कचे आणि मग कोनाचे, म्हणजे बोल्ट ठरलेले अंश फिरवायचे. टॉर्कचा सुमारे नव्वद टक्के भाग नुसत्या घर्षणात जातो. आटे कोरडे, गंजके असतील तर पाना योग्य आकडा दाखवतो आणि हेड मात्र ढिलंच राहतं. कोनात मोजलं की त्या घर्षणाची लुडबुड कमी होते.

टायमिंगच्या खुणा जुळवून क्रँक आधी हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवला. मग नव्या रॉकरसह टॅपेट, कूलंट, हवा काढणं, स्टार्टर. गरम झाल्यावर कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं: १७८, १७५, १७६, १७६. थोडे दिवस चालवून थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा मोजले तेव्हा एक्झॉस्टच्या फटी ०.०२ ते ०.०३ मिमीने कमी भरल्या. नव्या सीटवर व्हॉल्व्ह बसते होत होते. त्या परत मापात आणल्या, आणि पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी फिलर गेज पुन्हा लावायची नोंद पुस्तिकेच्या मागच्या पानावर केली.